आधी मुखी, मग हाती : मृदंगाच्या बोलांची शाळा



शताब्दी अंकाचं काम निघालं तेव्हा वीणेकऱ्यांवर, अन्नदात्यांवर, मुक्कामाच्या गावांवर लिहायला बरेच जण पुढे आले. मृदंगावर लिहायला मात्र कोणी मिळेना. जे लिहिणारे ते म्हणाले, आम्हाला वाजवता येत नाही. जे वाजवणारे ते म्हणाले, "बुवा, आपल्याला कुठं लिहिता येतं? आपण आपलं वाजवणार." शेवटी अंकाच्या मंडळींनी सगळ्यांनी मिळून हा लेख अंगावर घेतला. चार म्हाताऱ्या मृदंगवाल्यांपुढे बसून विचारलं, जुनी पुस्तकं चाळली, आणि जे हाती लागलं ते इथं मांडतो आहोत.

"आपल्याला लिहिता येत नाही" हे जे म्हणाले, त्यांच्यातल्या एकांना आम्ही विचारलं, बुवा, बोल किती पाठ आहेत? ते म्हणाले, "मोजले नाहीत." मग बसल्या जागी मांडीवर हात ठेवून म्हणायला लागले. अर्धा तास झाला तरी एकही बोल दुसऱ्यांदा आला नाही. प्रत्येक तुकडा मोजून समेवर येत होता. ह्यांना आपण गावात अंगठेबहाद्दर म्हणत आलो. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाच्या डोक्यात एवढी अक्षरं, एवढा हिशोब आला कुठून, ह्याचा शोध म्हणजे हा लेख आहे.

बोल म्हणजे काय ते आधी सांगू, कारण टाळकरी मंडळींनाही ते नेमकं ठाऊक असतंच असं नाही. मृदंगावर हात पडला की जो नाद निघतो त्याला एक अक्षर दिलेलं आहे. शाईच्या बाजूला बोटांनी ता, ना, तिट. डाव्या, कणीक लावलेल्या बाजूला पंज्यानं ग, क. दोन्ही हात एकदम पडले की धा, धीं. अशी अक्षरं जोडून शब्द होतात, धुमकिट, धागेतिट, गदिगन. शब्द जोडून वाक्य होतं, त्याला तुकडा किंवा परण म्हणायचं. शिकणाऱ्यानं हे आधी तोंडानं म्हणायचं, हातानं टाळी देत. ह्या म्हणण्याला पढंत म्हणतात. तोंडात स्वच्छ बसल्याशिवाय गुरू मृदंगाला हात लावू देत नसत. जुने लोक सांगतात, सहा सहा महिने नुसतं म्हणण्यात जायचे. चौतालाचा ठेका घ्या: धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. बारा मात्रा. ज्यानं हा कधी ऐकला नाही त्यानंही चार वेळा मोठ्यानं म्हणून पाहावा, पाचव्या वेळी मान आपोआप हलते.

ही भाषा आजची नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात चर्मवाद्यांवर एक मोठा अध्याय आहे. त्यात वाद्याची सोळा अक्षरं दिली आहेत: क ख ग घ, ट ठ ड ढ, त थ द ध, म र ल ह. म्हणजे आपली बाराखडी आणि मृदंगाची बाराखडी ह्यांचं नातं तेव्हापासूनचं. त्याच अध्यायात एक कथा आहे, ती आम्हाला फार आवडली. स्वाती नावाचे मुनी. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरून आलेलं, आणि आश्रमात अनध्याय, म्हणजे पाठांतराला सुट्टी. मुनी पाणी आणायला तळ्यावर गेले. पाऊस आला. कमळाची पानं कुठं मोठी, कुठं मध्यम, कुठं लहान. प्रत्येक पानावर थेंब वेगळा वाजायला लागला. मुनींनी ते नाद मनात धरले, आश्रमात आले आणि विश्वकर्म्याच्या मदतीनं पुष्कर नावाची वाद्यं घडवली. शाळेला सुट्टी होती त्या दिवशी मृदंग जन्माला आला, असं ही कथा सांगते. मास्तर मंडळींनी राग मानू नये.

आपल्या मुलखाजवळचा पुरावा म्हणजे संगीतरत्नाकर. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवानं तो लिहिला. शार्ङ्गदेव पेशानं हिशेबखात्याचा मुख्य अधिकारी होता, हे मुद्दाम सांगतो, कारण तालाचा अभ्यास हिशेबी माणसानंच करावा असा आहे. त्याच्या ग्रंथात वाद्यांच्या अक्षरांना पाट म्हटलेलं आहे. सिंघणाची कारकीर्द १२४७च्या सुमारास संपली आणि शके १२१२ म्हणजे १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी झाली. चाळीसेक वर्षांचं अंतर. एकाच राज्यात, एकाच शतकात, संस्कृतात तालाचं शास्त्र लिहिलं गेलं आणि मराठीत माऊलींनी गीतेचा अर्थ सांगितला. राजदरबारातलं शास्त्र देवळाच्या ओट्यावर कसं आलं ह्याचा कागद कोणी करून ठेवला नाही. ते तोंडातून तोंडात आलं, एवढं नक्की.

आता थोडं बाहेर पाहू. जगात इतर ठिकाणीही ढोल बोलतो. आफ्रिकेत काँगो नदीच्या काठी लोकेले नावाचे लोक राहतात. त्यांची बोली अशी की शब्दातला स्वर उंच की खाली ह्यावर अर्थ बदलतो. लाकडाच्या पोकळ ढोलावर ते फक्त हे उंच-खाली वाजवायचे आणि कोसावरच्या गावाला निरोप कळायचा. पण उंच-खाली एवढ्यानं एका शब्दाचे दहा शब्द होऊ शकतात, म्हणून नुसतं चंद्र न म्हणता, पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र, असं लांबवून वाजवायचं. जॉन कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्यानं तिथं राहून ती भाषा शिकून घेतली आणि १९४९ साली त्यावर पुस्तक लिहिलं.

तिथं ढोल माणसासारखा बोलतो. आपल्याकडे उलट आहे. आपल्याकडे माणूस मृदंगासारखा बोलतो. धुमकिट ह्या शब्दाला मराठीत काही अर्थ नाही, संस्कृतातही नाही. त्याचा अर्थ म्हणजे त्याचा नाद आणि त्याची मात्रा. काही परणांत देवाच्या स्तुतीचे शब्दच बोलांत गुंफलेले असतात, गणेश परण, शिव परण अशी त्यांची नावं आहेत. तिथं अर्थाचे शब्द आणि बिनअर्थाचे शब्द मांडीला मांडी लावून बसतात. पण बहुतेक बोलांना अर्थाचं ओझं नाही. म्हणूनच ते सगळ्यांना सारखे कठीण आणि सारखे सोपे. संस्कृत येणाऱ्या शास्त्रीबुवांच्या मुलाला धुमकिट म्हणताना काही जास्तीचा फायदा मिळत नाही.

गावगाड्यात तिसराही एक प्रकार होता, तो विसरून चालणार नाही. दवंडी. बारामती, इंदापूरकडच्या गावांत म्हाताऱ्या माणसांनी ती ऐकलेली आहे. हलगीचा ठराविक कडकडाट झाला की बायका उंबऱ्यात येत, पुरुष चावडीकडे कान करीत. पुढे काय सांगणार ते तोंडानंच सांगायचं, पण ऐका हो ऐका हे हलगीनं आधीच सांगितलेलं असे. लग्नाची हलगी वेगळी, जत्रेची वेगळी, मयताची वेगळी. लांबून ऐकून माणूस ओळखायचा गावात काय झालं. धनगर बांधवांचा गजी ढोल लागला की नाचणाऱ्यांच्या पायाला कुठं वळायचं ते ढोलच सांगतो. ह्या सगळ्या बोलणाऱ्या चामड्यांच्या मुलखात आपला मृदंग वाढला आहे. वारकरी मृदंग म्हणजे दरबारी पखवाजाची नुसती नक्कल असं जे काही विद्वान समजतात ते आम्हाला पटत नाही. बसकं गाणं आणि वीस किलोमीटर चालत गाणं ह्यात फरक पडणारच.

चालण्याचंच सांगायचं तर बारामतीचा मुक्काम सुटला की आपला टप्पा सुरू होतो. काटेवाडीला परीट बांधव धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं. मग सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेच्या काठी पुणे जिल्हा संपतो. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला असं मानतात, तेव्हापासून किती मृदंग ह्या वाटेनं गेले असतील, देवालाच ठाऊक. दिंडीत शंभर दीडशे माणूस असतं. पुढचा अभंग म्हणणारा काय म्हणतो ते मागच्या ओळीतल्या टाळकऱ्याला वाऱ्यात ऐकू येत नाही. त्याला ऐकू येतो मृदंग. ठेका सावकाश आहे तोवर पाय सावकाश. मृदंगवाल्यानं हात उचलला, लय चढली, की मागे कळतं आता चरण संपून नामाचा गजर येणार, टाळ खांद्यावर चढतात, पावलीला जागा होते. एक तुकडा वाजवून समेवर थाप दिली की दोनशे टाळ एकदम थांबतात. कोणी कोणाला सांगत नाही. बेलवाडीच्या आणि इंदापूरच्या रिंगणात पताकावाले धावतात, तुळशीवाल्या आयाबाया धावतात, वीणेकरी धावतात, आणि मृदंगवाले गळ्यात सात-आठ किलोचं खोड घेऊन धावतात. धावताना वाजवणं हे कुठल्या संगीत विद्यालयाच्या परीक्षेत नाही. ठेवायला हवं.

मात्रांचा हिशोब ह्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण शिक्षणाशी त्याचा खरा संबंध इथं आहे.

तुकोबांचा थोरला अभंग सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांचा. धाकटा अभंग आठ आणि आठ. अभंगात लघुगुरू मोजत नाहीत, अक्षरं मोजतात. भजनी ठेका आठ मात्रांचा. एका आवर्तनाला एक चरण घेतला तर सहा अक्षरं आठ मात्रांत बसवायला दोन मात्रा कुठंतरी ओढाव्या लागतात. चौथ्या चरणाला चारच अक्षरं, म्हणजे निम्म्या मात्रा मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत मृदंग बोलतो. कुठं ओढायचं, कुठं सोडायचं, हे ज्याला कळलं त्याला छंदशास्त्र कळलं, मग त्याला ते नाव ठाऊक असो वा नसो.

मात्रा मोजणाऱ्या कवितेचा मोठा धनी तर आपल्या बारामतीचाच. मोरोपंत, म्हणजे मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म १७२९ पन्हाळ्याचा, बाबूजी नाईकांच्या आश्रयानं बारामतीला आले आणि १७९४ साली बारामतीलाच देह ठेवला. त्यांची आर्या मोजून पाहा. ते जी लिहीत ती बहुतेक गीती, अर्ध्यात बारा आणि अठरा मिळून तीस मात्रा, दुसऱ्या अर्ध्यातही तशाच तीस. पंतांची वाणी पंडिती आणि आपले अभंग साधे, असं आपण म्हणतो. पण हरदासांनी पंतांच्या आर्या कीर्तनात घेतल्या आणि मागे मृदंग तोच राहिला. अक्षरं मोजणारा अभंग आणि मात्रा मोजणारी आर्या, दोघांनाही साथ करणारा माणूस एकच. त्याला दोन्ही हिशोब यावेच लागत.

त्याहून जुना हिशोब सांगतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे जैन आचार्य होऊन गेले. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. ह्या दोनच गोष्टींनी ठराविक मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील, हे त्यांनी मांडलं. तीन मात्रा तीन तऱ्हांनी, चार मात्रा पाच तऱ्हांनी, पाच मात्रा आठ तऱ्हांनी, सहा मात्रा तेरा तऱ्हांनी. प्रत्येक आकडा मागच्या दोहोंची बेरीज. युरोपात हीच आकड्यांची रांग पुढच्या शतकात इटलीच्या फिबोनाची नावाच्या माणसाच्या पुस्तकात आली आणि जगभर त्याच्या नावानं शिकवली जाते. आपल्याकडे ती कवितेच्या आणि तालाच्या मोजणीतून निघाली. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी घरच्या मृदंगवाल्या आजोबांना चार मात्रा किती तऱ्हांनी भरतात ते विचारावं. ते वाजवून दाखवतील.

पंतोजींच्या शाळेत मुलं दिवेलागणीला परवचा म्हणत. त्यात नुसते बे एके बे नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. सवायकी म्हणजे सव्वापट, दिडकी म्हणजे दीडपट, औटकी साडेतीनपट. आता मृदंगाची लय पाहा. दुगुन, तिगुन, चौगुन तर आहेतच. पण दीडपट लयीला आड म्हणतात, आणि बहुतेक गुरू सव्वापटीला कुआड, पावणेदोनपटीला बिआड म्हणतात. शाळेतल्या मुलाच्या तोंडात दिडकी, ओट्यावरच्या मुलाच्या हातात आड. एकाच गावात, एकाच वेळी, दोन मुलं एकच गणित करीत होती, आणि त्यातलं एकच शिकलेलं धरलं जात होतं.

तिहाईचंही तसंच. एक तुकडा तीनदा वाजवायचा आणि तिसऱ्याचा शेवटचा धा नेमका समेवर आणायचा. आठ मात्रांच्या ठेक्यात तिट कत धा हा तीन मात्रांचा तुकडा पहिल्या मात्रेपासून उचला. तीन त्रिक नऊ. आठ मात्रा आवर्तनात गेल्या, नववी म्हणजे पुढची सम, तिथं धा. बारा मात्रांच्या चौतालात हाच तुकडा घ्यायचा तर सम तेरावी. नऊ मात्रा तुकड्याच्या, राहिल्या चार; मग पहिल्यानंतर दोन मात्रा दम, दुसऱ्यानंतर दोन मात्रा दम. तेरावर धा. हे सगळं चालताना, गाणाऱ्याकडे पाहत, कागदाशिवाय करायचं असतं. चुकलं तर सगळ्या टाळकऱ्यांना कळतं. असली परीक्षा आमच्यापैकी कोणी शाळेत दिली नाही.

शिकवण्याची रीत पूर्वी घरची किंवा फडाची. बाप मुलाला, फडातला जुना नव्याला. ज्याचं घर नाही, फड नाही, त्यानं लांब बसून ऐकायचं. ह्याला वळण लागलं ते आळंदीत. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली तिथं वारकरी शिक्षण संस्था काढली. जोग महाराज पुण्याचे, अंगानं पैलवान, आणि विचारानं फार पुढचे. कुठल्याही घरच्या मुलानं यावं, मधुकरी मागून जेवावं आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकावी, अशी सोय झाली. १९२० साली महाराज गेले, पुढं मामासाहेब दांडेकरांसारख्यांनी संस्था सांभाळली. भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ची. म्हणजे दोनच वर्षांच्या अंतरानं खेड्यातल्या मुलासाठी दोन दारं उघडली, एक शाळेचं आणि एक परमार्थाचं. आपली दिंडी त्या हवेतच जन्मली. आज आळंदीत लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत. मुलं दिवसा शाळेत जातात आणि पहाटे-संध्याकाळी गाणं, मृदंग शिकतात. पहाटे इंद्रायणीच्या बाजूनं चालत गेलं तर ह्या खोलीतून त्या खोलीतून धागेतिट ऐकू येतं.

दरबारी पखवाजाचा धागाही आपल्या मुलखाला लागलेला आहे. एकोणिसाव्या शतकातले नाना पानसे वाईजवळच्या बावधनचे. देवळातल्या कीर्तनाची साथ करता करता ते काशीला गेले, बाबू जोधसिंग यांच्याकडे शिकले आणि पुढे इंदूरच्या दरबारात राहिले. त्यांच्या शिष्यांतून पानसे घराणं महाराष्ट्रभर पसरलं. म्हणजे कीर्तनातला मुलगा दरबारात गेला आणि त्याची विद्या पुन्हा फिरून कीर्तनात आली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बोलांचं पुस्तकही छापलं गेलं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथंच गुरुदेव पटवर्धनांनी मृदंग आणि तबला वादनपद्धतीचं पुस्तक १९०३ साली छापलं. विष्णु दिगंबरांचे वडीलही कीर्तनकारच. पुस्तक निघालं तेव्हा जुन्यांना ते रुचलं नसणार. आजही आमच्यातल्या एका बुवांचं मत आहे की वहीत लिहिलं की बोल डोक्यातून जातो. त्यात तथ्य आहे. वहीतला तिट सगळ्यांचा सारखा दिसतो, तोंडातला तिट गुरूगणिक वेगळा. तरीही आम्ही वहीच्या बाजूचे आहोत, कारण माणूस गेला की डोकंही जातं.

आता जे लिहायचं ते लिहिल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. मृदंगाला खोड लागतं, ते सुतार करतो. पुडी लागते, वादी लागते, गजरा विणावा लागतो, शाईचे थर घोटावे लागतात. हे चामड्याचं काम पिढ्यान् पिढ्या ज्यांनी केलं त्यांना आपल्या समाजानं लांब ठेवलं. चामडं कमावणारा लांब, हलगी वाजवणारा लांब, दवंडी देणारा लांब. पुडी चढवून सुरात लावून देणाऱ्याचा कान मृदंगवाल्यापेक्षा तीक्ष्ण असायचा, कारण गट्टे ठोकत पुडीचा प्रत्येक घर एका सुरात आणणं हे त्याचं काम. त्यानं सुरात लावलेला मृदंग सभामंडपात जायचा आणि तो स्वतः पायरीच्या बाहेर. ज्या पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, त्या पंढरपुरात १९४७ पर्यंत हे चाललं. साने गुरुजी १ मे १९४७ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी मंदिर सगळ्यांना खुलं करायचं ठरलं. आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांतली पहिली बरीचशी वर्षं त्याआधीची आहेत. त्या वर्षांत आपला मृदंग कोणी मढवला ह्याची नोंद दिंडीच्या जुन्या वहीत नाही. अन्नदात्यांची नावं आहेत, तांदूळ-गुळाचे पायलीपर्यंत आकडे आहेत, मढवणावळीचे चार आणे, सहा आणे असे खर्च आहेत, नाव नाही. ज्या घरात ती नावं अजून ठाऊक असतील त्यांनी सांगावीत. पुढच्या अंकात आम्ही ती छापू.

बोल अर्थाचे नसल्यानं सगळ्यांना सारखे, असं आम्ही वर लिहिलं. पण ओट्यावर बसायला कोणाला मिळायचं हा प्रश्न बोलांनी सोडवला नाही, तो माणसांनीच सोडवायचा होता. बायकांचंही तेच. जात्यावर बसून साडेतीन चरणांची ओवी रचणाऱ्या बाईला लय शिकवावी लागत नव्हती. जात्याचा फेरा हाच तिचा ठेका. तिच्या हाती टाळ आला, डोक्यावर तुळस आली, गळ्यात मृदंग मात्र येईना. आता येतो आहे. मृदंग शिकणाऱ्या मुली आता दिसायला लागल्या आहेत, आणि एखादी दिंडीत उभी राहिली की म्हाताऱ्या बाया टाळ थांबवून बघतात.

आणि अडचण आहे ती अशी. आपल्या दिंडीला आजकाल मृदंगवाला बाहेरून आणावा लागतो. आळंदीला शिकणारी मुलं येतात, चांगली वाजवतात, बिदागी घेतात, त्यात वावगं काही नाही. त्यांचं शिक्षण त्यावर चालतं. पण वारी संपली की मृदंग खोळीत जातो आणि पुढच्या ज्येष्ठापर्यंत निघत नाही. एकादशीच्या भजनाला गावात टाळ वाजतात आणि ठेक्याला कधी कधी मोबाईलवरचा आयता ताल लावतात. तो ताल चुकत नाही हे खरं. पण गाणारा एखाद्या शब्दावर गहिवरून थांबला तर तो थांबत नाही. मृदंगवाला थांबतो, बघतो, आणि पुन्हा समेवर धरून घेतो. कणीक मळण्यापासून हे शिकावं लागतं. गव्हाची कणीक किती सैल, किती घट्ट, पावसाळी हवेत किती, हे पुस्तकात नाही. दिंडीच्या स्वयंपाकातल्या पिठातूनच ती घेतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात.

गेल्या चातुर्मासात देवळात आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी मुलांना बसवायला सुरुवात केली. अकरा मुलं आणि तीन मुली येतात. मृदंग दोनच, म्हणून बाकीची मांडीवर वाजवतात. जुन्या रीतीप्रमाणे आधी पढंत. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की ह्यातल्या दोघांचे पाढे आता पक्के झाले आहेत. हे बोलांमुळे झालं की वयानं झालं, हे आम्ही सांगू शकत नाही. पण आयाबाया खूश आहेत.

एक विनंती. बारामती, इंदापूर तालुक्यांत ज्यांच्या घरी वडिलांची, आजोबांची बोलांची वही असेल, फाटकी असली तरी, त्यांनी ती देवळात घेऊन यावी. मोडी अक्षर असलं तरी चालेल, वाचणारे आहेत. फोटो काढून वही त्याच दिवशी परत देऊ. वही नसेल आणि घरात बोल येणारं म्हातारं माणूस असेल तर आम्हाला निरोप धाडावा, आम्हीच घरी येऊन ऐकून उतरवून घेऊ. बुवांचा दात पडला असेल, तिट नीट उमटत नसेल, तरी हरकत नाही. त्यांनी मांडीवर हात टाकला की कळतं.